लाल आभाळ, उसनी वाटी

1985च्या उत्तरार्धात डीसी कॉमिक्सच्या एकामागून एक मासिकांत आभाळ लाल व्हायला लागलं. मुखपृष्ठावर ‘क्रायसिस’ या मालिकेशी नातं सांगणारी पट्टी असायची. आत उघडून बघावं तर नेहमीचा नायक, नेहमीचा खलनायक, नेहमीची मारामारी, आणि मधल्याच एखाद्या चौकटीत कुणीतरी मान वर करून विचारणार, आभाळ आज असं का दिसतंय? झालं, नातं तिथेच संपायचं. पैसे मात्र वाचकाने पट्टीकडे बघून मोजलेले असायचे. अशा अंकांना अमेरिकेतल्या वाचकांनी ‘रेड स्काय क्रॉसओव्हर’ असं नाव पाडलं आणि ते आजतागायत टिकलं. महानायकांच्या मोठ्या इव्हेंटबद्दल वाचकाच्या मनात जो राग साचतो, तो सगळा या नावात आहे. आणि त्याच इव्हेंटने, त्याच लाल आभाळाखाली, मला कॉमिक्समधला सर्वांत चटका लावणारा मृत्यू दाखवला. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घ्यायचं म्हणून हे पुस्तक लिहिलं.

ज्यांनी हे महानायक फक्त पडद्यावर पाहिले आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मार्व्हल आणि डीसी या दोन्ही प्रकाशनसंस्था न्यूयॉर्कमध्ये वाढल्या. प्रत्येक नायकाचं आपलं मासिक असतं, त्याचा आपला लेखक, आपला चित्रकार. स्पायडरमॅनचं घरभाडं थकलेलं असतं आणि त्याच महिन्यात फँटास्टिक फोर दुसऱ्या ग्रहावर असतात. एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो. मग सगळ्यांवर एकच संकट कोसळतं. त्याची मुख्य मालिका निघते, बहुधा पाच ते बारा अंकांची, आणि इतरांच्या मासिकांतून पूरक अंक निघतात, ज्यांना तिकडे ‘टाय-इन’ म्हणतात. हाच क्रॉसओव्हर इव्हेंट. त्यामागे दुकानाचं गणितही असतं. अमेरिकेतला कॉमिक्सचा दुकानदार काही महिने आधी मागणी नोंदवतो आणि उरलेला माल त्याला सहसा परत करता येत नाही. सावध दुकानदाराला जास्त अंक मागवायला लावायचे तर त्याच्यापुढे काहीतरी मोठं ठेवावं लागतं. इव्हेंट ही त्या अर्थाने व्यापाराची गरज आहे, आणि मला त्यात गैर वाटत नाही. जत्रेत दुकानं लागतात म्हणून देव खोटा होत नाही.

प्रश्न एवढाच, की इव्हेंट चांगला की वाईट हे ठरवायचं कशावरून? किती नायक मेले, किती विश्वं नष्ट झाली, ‘आता काहीच पूर्वीसारखं राहणार नाही’ हे जाहिरातीत किती मोठ्या अक्षरांत छापलं, या मापांना माझ्या लेखी किंमत नाही. ही मापं प्रकाशकाने हातात दिलेली आहेत. मी दुसरं माप वापरतो, आणि ते मला घरातून मिळालं. आमच्याकडे शेजारून साखरेची वाटी आली, तर ती रिकामी परत जात नसे. आई त्यात काहीतरी घालूनच पाठवायची, मग ते दोन लाडू असोत की मूठभर शेंगदाणे.

इव्हेंट सगळ्याच गोष्टी उसन्या घेतो. वाचकाला फ्लॅशबद्दल जे वाटतं ते इव्हेंटच्या लेखकाने निर्माण केलेलं नसतं. ते वर्षानुवर्षं, दरमहा, कुणा दुसऱ्या लेखकाने आणि चित्रकाराने जमवलेलं असतं. इव्हेंट येतो, त्या प्रेमातून वाटीभर उचलतो आणि आपल्या मोठ्या पातेल्यात ओततो. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: वाटी परत गेली का, आणि गेली तर त्यात काय होतं? त्यासाठी इव्हेंटचा शेवटचा अंक मिटून पुढच्या महिन्याची, पुढच्या वर्षाची साधी मासिकं उघडावी लागतात.

‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’पासून सुरुवात करू, कारण या पुस्तकाचा मोठा भाग तिच्याभोवती आहे. मार्व वुल्फमन यांचं लेखन, जॉर्ज पेरेझ यांची चित्रं, बारा अंक. डीसीला पन्नास वर्षं होत होती आणि घरात पसारा फार झाला होता. 1961 साली ‘फ्लॅश’च्या 123व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी दोन फ्लॅश दोन वेगळ्या पृथ्वींवर राहतात अशी सुंदर कल्पना मांडली होती. पुढे पृथ्वी वाढतच गेल्या. वुल्फमन यांचं म्हणणं असं, की नव्या वाचकाचा यात जीव गुदमरतो. सगळ्या पृथ्वींची एक करू. म्हणजे कपाट आवरायला काढलेला हा इव्हेंट. कपाट आवरताना शोकांतिका लिहून व्हावी हे नवल आहे.

आठवा अंक मला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळाला, कोपरे दुमडलेला. सातवा नव्हता, नववा नव्हता, पूरक अंकांचं तर नावच नको. बॅरी अ‍ॅलन नावाचा हा फ्लॅश कोण हे मला धड माहीत नव्हतं. तरीही मी उभ्याउभ्या वाचत राहिलो. तो एकटा आहे. शत्रूच्या किल्ल्यात, आपल्या विश्वाबाहेर. त्याचा एकही मित्र जवळ नाही. पृथ्वी नष्ट करू शकणाऱ्या तोफेभोवती तो धावतो, इतक्या वेगाने की त्याचं शरीर झिजत जातं, आणि शेवटी उरतो रिकामा पोशाख. त्याने काय केलं हे त्याच्या माणसांना तेव्हा कळतही नाही. पेरेझ यांनी त्या पानांवर चौकटी अरुंद करत नेल्या आहेत. डोळा त्याच्या पायांबरोबर धावतो. यातून मला दुसरी कसोटी मिळाली. मुख्य मालिकेतला एखादा सुटा अंकदेखील, मागचं-पुढचं काही ठाऊक नसलेल्या माणसाला धरून ठेवतो का? आधी सोळा पूरक अंक वाचून या, असं सांगणारी मालिका तिथेच हरते.

आता वाटीकडे वळू. बॅरीचा शिष्य वॉली वेस्ट याने तो पोशाख चढवला आणि 1987 पासून त्याचं स्वतःचं मासिक सुरू झालं. पुढची वीसेक वर्षं त्या मासिकाचा कणा एकच होता: गेलेल्या माणसाच्या जागी उभं राहणं म्हणजे काय? मार्क वेड यांनी 1993 साली, बॅरी परत आला आहे असं वाटायला लावणारं जे कथानक लिहिलं, ते मी वडील गमावलेल्या माणसाला वाचायला देईन. 2008 मध्ये डीसीने बॅरीला खरोखर परत आणलं. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण वीस वर्षं ती वाटी भरलेली होती, हे कुणी पुसू शकत नाही.

याच इव्हेंटने दुसरी एक वाटी घेतली आणि परत केलीच नाही. सातव्या अंकात सुपरगर्ल मरते. सुपरमॅनने तिला हातांवर उचलून घेतलेलं ते मुखपृष्ठ कॉमिक्स न वाचणाऱ्यांनीही कुठेतरी पाहिलेलं असतं. चित्र अप्रतिम, दुःख खरं. पण नव्याने लिहिलेल्या इतिहासात सुपरमॅन हा क्रिप्टनचा एकटाच वारस ठरला, आणि मग ही चुलत बहीण कधी नव्हतीच असं झालं. जिच्यासाठी सगळं विश्व रडलं, तिची आठवण एकालाही राहिली नाही. हीच सुपरगर्ल, कारा झोर-एल, परत यायला 2004 उजाडलं. एकाच लेखकाने, एकाच चित्रकाराने, लागोपाठच्या दोन अंकांत रंगवलेले हे दोन मृत्यू. एकाने मागे कुटुंब ठेवलं, दुसऱ्याने रिकामी जागासुद्धा ठेवली नाही. इव्हेंटला एकच गुणांक देणारी समीक्षा मला म्हणूनच अपुरी वाटते.

मार्व्हलची ‘सीक्रेट वॉर्स’ ही बारा अंकांची मालिका त्याआधीची, 1984ची. तिचा जन्म खेळण्यांतून झाला. मॅटेल कंपनीला मार्व्हलच्या नायकांच्या बाहुल्या काढायच्या होत्या आणि त्यासाठी मोठी घटना हवी होती. ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे शब्द मुलांना आवडतात असं कंपनीच्या चाचणीत दिसलं, म्हणून ते नाव. जिम शूटर यांची गोष्ट साधी आहे: एक सर्वशक्तिमान शक्ती नायक-खलनायकांना दूरच्या ग्रहावर नेऊन लढायला लावते. संवाद पुष्कळदा लाकडी आहेत, हे मान्य करायला हवं. पण इव्हेंट आणि मासिकं यांच्यातला धागा शूटर यांनी जसा ताणला, तसा फार थोड्यांना जमला. सगळे नायक एका महिन्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून नाहीसे झाले आणि त्यांच्या मासिकांच्या पुढच्याच अंकांत परतलेही, पण बदलून. स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख होता. ‘फँटास्टिक फोर’मधला द थिंग मात्र परतलाच नाही. त्याच्या जागी शी-हल्क आली. ‘एक्स-मेन’च्या 183व्या अंकात कलॉसस किटी प्राइडला सांगतो की त्या ग्रहावर त्याला दुसरी कुणी आवडली होती. तिथे काय घडलं हे मात्र वाचकाला मुख्य मालिकेतून वर्षभर थेंबाथेंबाने कळत गेलं. काळ्या पोशाखाचा उगम आठव्या अंकात उलगडला, म्हणजे पोशाख दिसल्यानंतर सात महिन्यांनी. तो पोशाख पुढे जिवंत परग्रहवासी निघाला आणि 1988 मध्ये त्यातून व्हेनम उभा राहिला.

मग ‘सीक्रेट वॉर्स’ चांगली की वाईट? गोष्ट म्हणून मध्यम, शेजारी म्हणून उत्तम. माझ्या मापातली अडचणही इथेच दिसते आणि मी ती लपवणार नाही. वाटी भरून आली म्हणून लेखन आपोआप चांगलं ठरत नाही. प्रत्येक इव्हेंटसाठी दोन निवाडे लिहायचे, एक मुख्य मालिकेचा आणि एक परतफेडीचा, हे मी या मालिकेपाशीच ठरवलं. ‘हाऊस ऑफ एम’ (2005) मध्येही असंच झालं. आठ अंकांतले पाच मला सुस्त वाटतात, पण शेवटी स्कार्लेट विच तीन शब्द उच्चारते आणि म्यूटंट जवळजवळ नामशेष होतात. त्या तीन शब्दांवर ‘एक्स-मेन’च्या लेखकांनी पुढची सात वर्षं काढली.

‘सिव्हिल वॉर’बद्दल मी आयुष्यात सर्वांत जास्त वाद घातले आहेत. 2006-07, सात अंक, मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड गावात टीव्हीच्या कार्यक्रमासाठी खलनायकांवर धाड घालणाऱ्या तरुण नायकांच्या चुकीने स्फोट होतो, सहाशेच्या वर माणसं मरतात, त्यांत शाळेतली मुलं असतात. सरकार कायदा आणतं: प्रत्येक महानायकाने खरं नाव नोंदवायचं. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. 9/11 नंतरच्या अमेरिकेत यापेक्षा नेमका प्रश्न कोणत्या कॉमिकने विचारला असेल? पण कायदा नेमका काय मागतो यावर वेगवेगळ्या मासिकांच्या लेखकांचं एकमत दिसत नाही. एका अंकात तो ओळखपत्रासारखा वाटतो, दुसऱ्यात सक्तीच्या लष्करभरतीसारखा, आणि नकार देणाऱ्यांना खटल्याशिवाय दुसऱ्या मितीतल्या तुरुंगात डांबलं जातं. ज्या प्रश्नावर वाचकाने बाजू घ्यायची, तो प्रश्नच महिन्यागणिक बदलला तर बाजू घ्यायची कशी? त्यात मुख्य मालिका लांबली आणि तिच्या मागे अडकलेले पूरक अंकही. मुख्य मालिकेवर माझा निवाडा प्रतिकूल आहे. कल्पना दहा वर्षांत एकदा सुचावी अशी, बांधणी कच्ची.

परतफेडीत पुन्हा दोन वाट्या दिसतात. स्पायडरमॅनने दुसऱ्या अंकात पत्रकारांसमोर मुखवटा काढला. चाळीसहून अधिक वर्षं जपलेलं गुपित. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी त्याच्या मासिकात त्याची किंमत प्रामाणिकपणे दाखवली: मे काकूला गोळी लागते. आणि मग 2007 संपेपर्यंत एका सैतानी कराराने पीटरचं लग्नही पुसलं आणि जगाला कळलेलं गुपितही. वाटी रिकामी आली, वर तडा जाऊन आली. याउलट एड ब्रुबेकर यांनी ‘कॅप्टन अमेरिका’च्या 25व्या अंकात, शरण आलेल्या स्टीव्ह रॉजर्सला न्यायालयाच्या पायऱ्यांवर मरताना दाखवलं आणि मग पुढचं बरंच काही त्याच्याशिवाय लिहिलं. त्याची ढाल बकी बार्न्सने उचलली. तो मृत्यू इव्हेंटच्या बाहेर, मासिकात घडला आणि म्हणूनच तो जड आहे.

‘सिव्हिल वॉर’ गाजत होती त्याच वर्षी मार्व्हलच्याच एका कोपऱ्यात ‘अ‍ॅनाइहिलेशन’ चालू होती. कीथ गिफन तिचे मुख्य लेखक. नोव्हा, सिल्व्हर सर्फर, सुपर-स्क्रल, रोनन यांच्या चार छोट्या मालिका आणि मग सहा अंकांची मुख्य मालिका. यातल्या बहुतेकांची मासिकं तेव्हा चालू नव्हती. वाचकांनी त्यांना सोडून दिलं होतं. म्हणजे उसनं घ्यायला घरात फारसं काही नव्हतंच. तरीही गिफन यांनी नोव्हा ऊर्फ रिचर्ड रायडर या बंद पडलेल्या नायकाला, त्याचं सगळं पथक मेल्यावर उरलेला एकटा शिपाई म्हणून असा उभा केला की त्याला पुन्हा मासिक मिळालं. डॅन अ‍ॅबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी 2008 मध्ये नव्याने बांधलेली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ ही याच वाटेवरून आली, आणि 2014चा चित्रपट त्या चमूवर उभा आहे. घेतलं मूठभर, दिलं पोतंभर. मला एकच इव्हेंट निवडायला सांगितला तर मी हाच हातात ठेवीन.

ग्रँट मॉरिसन यांच्या ‘फायनल क्रायसिस’वर (2008) मी इथे फार बोलत नाही, तिच्यासाठी वेगळं प्रकरण आहे. एवढंच सांगतो, की तिच्याआधी वाट तयार करायला म्हणून आठवड्याला एक असे 51 अंक काढले गेले आणि ते मुख्य मालिकेशी जुळलेच नाहीत. त्या अंकांचा दोष मॉरिसन यांच्या माथी मारू नये.

जोनाथन हिकमन आणि एसाद रिबिच यांच्या 2015च्या ‘सीक्रेट वॉर्स’ने मला माझ्याच एका सवयीचा फेरविचार करायला लावला. हिकमन यांनी आपली वाटी आपणच भरली होती; ‘फँटास्टिक फोर’ आणि नंतर ‘अ‍ॅव्हेंजर्स’मधून कित्येक वर्षं ते याच शेवटाकडे येत होते. विश्व संपलंय, उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवून डॉक्टर डूम तिचा देव झालाय, आणि त्याने ‘फँटास्टिक फोर’मधल्या रीड रिचर्ड्सची बायको-मुलं आपलीशी केली आहेत. एवढा अफाट पसारा शेवटी येऊन ठेपतो तो दोन माणसांच्या झुंजीवर आणि एका कबुलीवर. आठ अंकांची मालिका नऊची झाली आणि नववा अंक जानेवारी 2016 मध्ये आला. नंतरच्या काळात घडणारी नवी मासिकं त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन बसली होती. दरमहा वाचणाऱ्याचा विरस झाला, मीही चिडलो. आज एकत्रित खंडात ती वाचणाऱ्याला या उशिराचा मागमूसही लागत नाही. तेव्हा उशिराबद्दल गुण कापावेत का? मी कापतो, पण मुख्य मालिकेच्या निवाड्यात नाही. खंड वाचणाऱ्याला ती निर्दोष वाटली तर तो चुकत नाही.

माझ्या मापात न बसणारा एक इव्हेंट आहे आणि तो माझा फार लाडका आहे. ‘जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स’ (2003-04), चार अंक, कर्ट ब्युसिक आणि पुन्हा जॉर्ज पेरेझ. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एकत्र. हा प्रकल्प 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरला होता, पेरेझ यांनी पानं रेखाटायलाही घेतली होती, आणि कंपन्यांच्या भांडणात तो बुडाला. वीस वर्षांनी त्यांनी तो पुरा केला. इथे परतफेड शक्यच नव्हती, कारण दोन कंपन्यांच्या मासिकांना एकमेकींची आठवणही ठेवता येत नाही. पण नायकांना जेव्हा त्यांचं खरं आयुष्य दाखवलं जातं, त्यातले मृत्यू, मोडलेली घरं, गमावलेली मुलं, आणि तरीही ते आपलं तेच जग परत मागतात, तेव्हा वाचकाने वर्षानुवर्षं केलेल्या वाचनाचाच तो सन्मान होतो. तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर दोनशेच्या वर माणसं आहेत आणि प्रत्येकाचा चेहरा ओळखता येतो. गर्दीत कुणालाही गर्दी होऊ न देणं, ही चित्रकाराकडून इव्हेंटने मागायची पहिली गोष्ट. 2022 मध्ये, पेरेझ आजारी असताना, या पुस्तकाच्या 7000 प्रती मदतनिधीसाठी पुन्हा छापल्या गेल्या. त्याच वर्षी 6 मे रोजी ते गेले.

एक वाटी आपल्या दारातलीही आहे. 2004 मध्ये निघालेल्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ या चार अंकांच्या मालिकेत पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा धोतर नेसून मुंबईच्या इमारतींवरून झोके घेत होता. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांची ती निर्मिती. चार अंकांनंतर तो जवळजवळ विसरला गेला. दहा वर्षांनी डॅन स्लॉट यांच्या ‘स्पायडर-व्हर्स’ या इव्हेंटने सगळ्या विश्वांतले स्पायडरमॅन गोळा केले, त्यात त्यालाही बोलावलं. शेकड्यांच्या गर्दीत तो मागे उभा राहू शकला असता. पण इव्हेंट संपल्यावर ‘वेब वॉरियर्स’ या मासिकात त्याला नियमित जागा मिळाली, आणि 2023 मध्ये तो चित्रपटातही आला.

पुढच्या प्रकरणांत मी पंधरा इव्हेंट याच दोन निवाड्यांनी तपासले आहेत. माझं मत वाचायची घाई करू नका. आधी मुख्य मालिका वाचा, पूरक अंक बाजूला ठेवून. मग त्यातला तुम्हाला आवडलेला एक नायक निवडा, इव्हेंट संपल्यानंतरच्या वर्षातलं त्याचं साधं मासिक कुठूनही मिळवा, आणि ते वाचून झाल्यावर माझ्याशी भांडायला या.